सफेत्याखालची येमांजा

काळा रंग भरायला वेळ फार जातो, म्हणून मी तिला गोरी केली, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत होतो. कोणी विचारलं नाही तरी सांगत होतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायची लाज वाटते. ही लाज तेव्हाच वाटायला हवी होती. पण तेव्हा माझं नाव छापून येणार होतं, आणि नाव छापून येणार म्हटलं की माझ्यासारख्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

मी रत्नागिरीत एका हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. घरी आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. आमच्याकडे त्याला शाळाच म्हणतात. श्रावण लागला की लोक आपापल्या घरचा पाट डोक्यावर घेऊन यायचे आणि पडवीत ठेवून जायचे. त्या पाटावर त्या घरचा गणपती व्हायचा. कोणाचा उजव्या सोंडेचा, कोणाच्या मांडीवर उंदीर, कोणाचा पार हिंगुळासारखा लाल. आजा-पणजापासून जसा आला तसाच यायला हवा. लग्नाच्या आधी मी एकदा एका घरचा लाल गणपती सुंदर दिसावा म्हणून गुलाबीसर केला होता. बाबांनी तो बघितला, ओल्या फडक्यानं सगळा पुसून काढायला लावला आणि मग म्हणाले, "पाट ज्याचा, देव त्याचा. आपण फक्त हात. हाताला अक्कल फुटली की देव बिघडतो."

डोळे बाबा स्वतः लिहायचे. सगळं रंगकाम झालं की सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. तेव्हा पडवीत कोणी खोकायचंसुद्धा नाही. पुढे त्यांचा हात थोडा कापायला लागला, तशी त्यांनी आखणी माझ्याकडे दिली. हायस्कुलातल्या नोकरीपेक्षा मला त्याचा मान जास्त वाटायचा, हे आज कबूल करतो. तेव्हा मी लोकांना नोकरीचं सांगायचो.

आमच्या शाळेत रोज येऊन बसणारा एक म्हातारा होता. राजिवड्यातला मुसलमान, आगबोटीवर सारंग होऊन निवृत्त झालेला. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. सगळे त्यांना सारंगचाचाच म्हणत. उजवा पाय थोडा ओढत चालायचे, अंगात बंडी, डोक्याला पांढरी टोपी. बाबांची आणि त्यांची लहानपणापासूनची सलगी. दोघं तासन् तास बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. बाबा माती मळायचे, चाचा विडी ओढायचे. कोणी टोचून विचारलं, "काय चाचा, गणपतीच्या शाळेत नाव घातलंत काय?" तर म्हणायचे, "घातलंय, पण पास करीत नाय हा मास्तर." मास्तर म्हणजे मी.

एका दुपारी त्यांनी मला खुणेनं बाजूला बोलावलं. "मास्तर, तू चौकटी-चौकटीची गोष्ट काढतोस ना? पोरांच्या मासिकातली?"

काढायचो. तो माझा छंद. हायस्कुलाच्या हस्तलिखितात मी चित्रकथा काढायचो आणि मुलं ती फाटेपर्यंत वाचायची. मुंबईच्या एखाद्या मासिकात छापून यावी म्हणून जीव टांगलेला असायचा, पण तिकडून साभार परत यायची.

"मग माजी एक गोष्ट काढ. माजी नाय, एका बाईची. मी तिला जबान देऊन आलोय."

गोष्ट अशी. चाचांच्या शेवटच्या सफरीत त्यांचं जहाज कलकत्त्याहून ताग घेऊन दक्षिण अमेरिकेला गेलं होतं. ब्राझील देशात बाहिया म्हणून बंदर आहे, भाषा पोर्तुगीज. तिथे चाचांना ताप भरला आणि पायात पू झाला. कप्तानानं त्यांना इस्पितळात उतरवलं आणि जहाज निघून गेलं. इस्पितळानं पंधरा दिवसांनी बाहेर काढलं. दारात एक काळी बाई चवळीच्या डाळीचे वडे लाल तेलात तळून विकायची. आपल्याहून काळी, आफ्रिकेतल्या लोकांची लेक. तिनं या माणसाला भिंतीला धरून उभा बघितलं आणि सरळ घरी नेलं.

"अडीच महिने, मास्तर. भात भरवलान. पाय धुतलान. माज्या आईनं केलं नसतं एवढं केलंन. भाषा कशाची! चावीला ती पण चावी बोलते, काजूला काजू, पावाला पाव. तेवढ्यावर आणि खुणांवर आमचा संसार चालला," असं म्हणून हसले. मग हसू आवरून म्हणाले, "तिच्या घरात कोपऱ्यात तिची आई होती. दर्याची आई. येमांजा."

चाचा तिची गोष्ट सांगायला लागले आणि बाबांचे हात मातीत थांबले. त्या बाईच्या लोकांना फार पूर्वी आफ्रिकेतून जहाजाच्या पोटात साखळ्या घालून नेलं. एकावर एक रचून, आपण गोणी रचतो तसे. तेव्हा येमांजा किनाऱ्यावर थांबली नाही. ती पाण्याखालून जहाजाच्या बरोबर गेली, सगळी वाट. आणि तिचा मुलगा शांगो, विजेचा राजा, दोन पात्यांची कुऱ्हाड घेऊन वरून ढगातून गेला. मधे ती माणसं, खाली आई, वर मुलगा. म्हणून ती माणसं पोचली. आता तिथे वर्षातून एकदा सगळे होड्या भरून फुलं, फण्या, आरसे, साबण घेतात आणि तिला दर्यात देतात. "आपले कोळी नारळ देतात तसंच रे," चाचा म्हणाले.

मी जरा चेष्टेनंच म्हटलं, "चाचा, तुम्ही देवीचं सांगताय. जमातीत कळलं तर?"

त्यांनी विडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "माजा अल्ला एक हाय आणि तो मला चांगला ओळखतो. मी पूजा नाय सांगत. निरोप सांगतोय. मीठ खाल्लंय तिच्या घरचं."

निरोप असा होता. त्या बाईच्या नातवंडांकडे चौकटीच्या चित्रांची मासिकं असायची. त्यात सगळे शूर लोक गोरे. काळा आला तर तो नोकर नाहीतर नरमांसभक्षक. देवीच्या तसबिरीसुद्धा बाजारात गोऱ्या मिळायच्या. बाई त्यांच्याकडे बघून म्हणायची, ही त्यांची, आमची माझ्यासारखी. चाचा निघाले तेव्हा तिनं त्यांचा हात धरून सांगितलं की तुझ्या मुलखात चित्रं काढणारे असतील, त्यांच्याकडून माझ्या आईची अशी चौकटींची गोष्ट काढून घे आणि मला पाठव. तिलाही वाचता येत नव्हतं आणि चाचांनाही. चित्रांतच सगळं यायला हवं होतं.

"चार वर्षं झाली," चाचा म्हणाले. "म्हातारी बाई. किती दिवस थांबंल? माजा भाचा जहाजावर हाय, त्याचं जहाज तिकडं जातं. तो पोचवंल. तू फक्त काढ. एकच सांगतो, काळी काढ. माज्या-तुज्यापेक्षा काळी. नायतर ती तिला ओळखायची नाय."

मी हो म्हटलं. आणि काढलंही, हे निदान खरं आहे. बारा पानं. त्यासाठी मला तीन महिने लागले. काळी शाई सपाट भरली तर चेहऱ्याचं नाक-डोळं सगळं बुडून जातं. काळ्या चेहऱ्याला बारीक टाकानं रेघांची जाळी विणावी लागते, गालावर विरळ, हनुवटीखाली दाट, आणि उजेड पडतो तिथे कागद कोरा सोडावा लागतो. एकेका चेहऱ्याला दीड-दीड तास. मी आमच्या मातीच्या मूर्ती डोळ्यांपुढे ठेवल्या, रंग द्यायच्या आधीच्या. ओल्या मातीला जशी झाक असते तशी झाक मला तिच्या गालावर आणायची होती, आणि आली. जहाजाच्या पोटातली माणसं काढताना मी पुन्हा पुन्हा टाक खाली ठेवायचो. चाचा शेजारी बसून सांगायचे, "केस असे नाय, आखूड. कपाळ मोठं कर. हां." डोळे मी सगळ्यांत शेवटी काढले, गणपतीचे काढतो तसे, सकाळी आंघोळ करून. बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "बसला हात." त्यांच्याकडून एवढं ऐकायला माणसं जन्म घालवतात.

तिथेच थांबायचं होतं. पानं गुंडाळून भाच्याच्या हातात द्यायची होती. पण भाच्याला जहाज मिळायला अजून वेळ होता, आणि मला सुचलं की तेवढ्यात मुंबईला एका मासिकाला दाखवावं. चाचांना सांगितलं, "छापून आलं तर तुमच्या बाईला छापील अंकच पाठवू. तिची देवी छापून आली म्हटल्यावर किती खूश होईल!" चाचांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची आठवण झाली की आजही मान वर करवत नाही.

पंधरा दिवसांनी पानं परत आली, बरोबर संपादकांचं पत्र. या वेळी साभार परत नव्हतं. कामात सफाई आहे म्हणून लिहिलं होतं. दिवाळी अंकात आठ पानं द्यायला ते तयार होते, पण थोडे बदल हवे होते. नायिका देवी आहे, तर देवीसारखी दिसू दे, म्हणजे उजळ. गोष्टीला नायक नाही, तो हवा, आपल्याकडचा एखादा दर्यावर्दी तरुण. शत्रू नाही, तोही हवा. विजेचा काळा राजा आहेच, त्याला राक्षस करता येईल. जहाजाच्या पोटातली माणसं मुलांच्या अंकात बरी दिसणार नाहीत. कळावे, लोभ असावा.

मी ते पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. कोणाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बाबांनी एका वाक्यात निकाल लावला असता, म्हणूनच दाखवलं नाही. स्वतःशी वाद घालायचो. म्हणे निदान नाव तरी छापून येईल येमांजाचं, काहीच नसल्यापेक्षा बरं. म्हणे बाहियात मराठी कोणाला वाचता येतंय. अरे शिंच्या, मराठी वाचता येत नाही म्हणूनच तर चित्रं काढली होतीस ना! पण हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. पाचव्या दिवशी रविवार होता. मी दार लोटून बसलो.

नवीन कागदावर काढलं असतं तर जुनी पानं तरी राहिली असती. तेवढीही लाज मी राखली नाही. अंक छपाईला जायची घाई होती, म्हणून त्याच पानांवर हात घातला. गणपतीला पहिला हात देतो तो सफेता बशीत कालवला आणि ब्रशानं तिच्या चेहऱ्यावर फिरवला. दीड-दीड तासाच्या त्या जाळ्या दोन हातांत बुजल्या. वर चार नाजूक रेघा मारल्या, सरळ नाक, लांबसडक केस, झाली आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी. जहाजाच्या पोटातली माणसं सफेत्यानं पुसली आणि तिथे मालाच्या पेट्या काढल्या. ते जहाज आता आमच्या नायकाचं व्यापारी जहाज. शांगोला सुळे काढले आणि सपाट काळी शाई भरली, नाक-डोळं काही सोडलं नाही. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शेवटच्या पानावर नायक त्याच्या छातीवर पाय देऊन उभा आणि देवी त्याच्या गळ्यात हार घालते आहे. नायकाला मी मिशा दिल्या. माझ्यासारख्या.

बारापैकी आठ पानं गेली. मूळ पानं त्यांनी परत पाठवली नाहीत आणि मी मागितलीही नाहीत. उरलेल्या चार पानांत नुसता दर्या आणि ढग होते, आई-मुलगा कोणीच नव्हते.

दिवाळीच्या आधी मुंबईच्या बोटीनं अंकाचं पुडकं आलं. बंदरावर बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं, टपाल किनाऱ्याला यायचं. मी पडावाला हात लावून उभा होतो, गुडघाभर पाण्यात. पुडकं तिथेच फोडलं. माझं नाव होतं. ठसठशीत. शेजारच्या कोळणीला दाखवलं, "बघ, मी काढलंय." ती म्हणाली, "बरं हाय बाबा, पण बाजूला हो, माजी पाटी भिजते."

चाचांचा भाचा त्याच बोटीनं मुंबईला निघाला होता, ट्रंक घेऊन. त्याला जहाज मिळालं होतं. तो माझ्याच वयाचा, घाईत होता. म्हणाला, "मास्तर, झालं काय ते मामांचं? द्या, मी पोचवतो." चाचा तेव्हा बुरोंडीला लेकीकडे गेले होते, दोन दिवसांनी येणार होते. मला वाटलं, थांबावं. चाचांना आधी दाखवावं. आणि लगेच दुसरं वाटलं, दाखवलं तर ते पाठवू देणार नाहीत. म्हणजे मला सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं मी कधीही म्हणू नये, म्हणून हे लिहितोय. मी दोन अंक त्याच्या हातात दिले. भोंगा झाला आणि बोट गेली.

दोन दिवस मी राजासारखा हिंडलो. हायस्कुलात हेडमास्तरांनी वर्गावर्गातून अंक फिरवला. तिसऱ्या दिवशी चाचा थेट बुरोंडीहून आमच्या पडवीत आले, हातात लेकीनं दिलेल्या सुक्या मासळीची पुडी. "आला म्हणे अंक! बघू, बघू माज्या म्हातारीची आई."

मी दिला. दुसरं काय करणार? बाबाही हात पुसून जवळ आले. चाचांनी पहिलं पान बघितलं. उलटलं. दुसरं बघितलं. परत पहिल्यावर आले. त्यांनी बोट ठेवलं.

"ही कोण?"

"तीच चाचा. येमांजा. जरा छपाईसाठी..."

"ही ती नाय."

त्यांनी पुढची पानं उलटली. साखळीतली माणसं शोधत होते, हे मला दिसत होतं. पेट्या दिसल्या. मग शेवटच्या पानाशी आले आणि बराच वेळ तिथेच राहिले. वाचता येत नव्हतं त्यांना, पण चित्रं वाचता येत होती, आणि मी चित्रं चांगली काढतो. काही शिल्लक राहू दिलं नव्हतं मी.

"हा शांगो?"

मी मान हलवली.

"पोराला आईच्या देखत मारलास, मास्तर?" आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होते. "आणि ती हसतेय. आई हसतेय."

मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "तिला पाठवला तर नायस ना?"

"भाचा घेऊन गेला. परवाच्या बोटीनं."

चाचा उठायला गेले आणि त्यांना उठता येईना, तो पाय अडकला. बाबांनी हात दिला. मी पुढे झालो, तर त्यांनी माझा हात नुसता बाजूला केला. झिडकारला असता तर बरं झालं असतं. सुक्या मासळीची पुडी तिथेच राहिली. मी ती त्यांच्या मागून पोचवायला हवी होती, पोचवली नाही.

पुढल्या श्रावणात पाट आले, माती झाली, रंग झाले. आखणीच्या दिवशी मी आंघोळ करून बसलो, तर बाबांनी ब्रश माझ्यापुढून उचलला. "तू राहू दे."

"बाबा, तुमचा हात कापतो."

"कापू दे. कापतो त्याला निदान भीती आहे."

त्या वर्षी आमच्या शाळेतल्या काही गणपतींचे डोळे थोडे हललेले होते. कोणी तक्रार केली नाही. मी बाहेर अंगणात पाट धूत होतो आणि ते गणपती माझ्यासमोरून डोक्यांवर बसून आपापल्या घरी गेले. चाचा येत होते, बाबांजवळ बसत होते. मला टाळत नव्हते, "काय मास्तर" एवढं म्हणायचे. पण परत कधी "पास करीत नाय" म्हणाले नाहीत. त्यांची काळजी एकच होती, की आपण जबान दिली आणि हे पाठवलं. एकदा बाबांना सांगताना मी ऐकलं, "तिला वाटंल मीच तसं काढायला सांगितलं. मी तिचं मीठ खाऊन तिच्या पोराला..." एक चिठ्ठी लिहायची मला हिंमत झाली नाही. लिहिली असती तरी वाचणार कोण होतं तिकडे?

दीड वर्षानं भाचा रजेवर आला. त्या संध्याकाळी चाचा पडवीत आले ते सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात मेणकापडात बांधलेलं काहीतरी होतं.

"तिनं दिलंन. तुला. ज्यानं काढलं त्याला दे म्हणाली."

"मला?"

"म्हणाली, त्याला सलाम सांग. येवढी मेहनत घेतलीन. त्याच्याकडं शाई कमी पडली असंल, म्हणून मी भरून दिली."

मी मेणकापड सोडलं. आत माझाच अंक होता. पहिलं पान उघडलं. येमांजा काळी होती. प्रत्येक चौकटीत, प्रत्येक पानावर. कोळशानं असेल, कशानं असेल, म्हातारीनं बोटानं घासून घासून तिचा चेहरा, मान, हात, सगळं भरलं होतं. लांबसडक केसांवरूनच आखूड केस काढून घेतले होते. रंग कुठे रेघेबाहेर गेला नव्हता. आणि डोळे कोरे सोडले होते. आठ पानांत कितीदा ती आली असेल, एकदाही डोळ्यावर बोट गेलं नव्हतं.

तिला खरंच शाई कमी पडली असं वाटलं, की तिनं मला तोंड लपवायला जागा करून दिली, मला आजवर कळलेलं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी लाज तेवढीच आहे.

बाबांनी अंक माझ्या हातातून घेतला आणि उजेडाकडे नेला. डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. "आखणी कळते हिला," म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं नाही. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि थांबले. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. नायक होता, मिशा होत्या, हार होता. त्याच्या पायाखाली कोणी नव्हतं. शांगोच्या आकाराचं भोक होतं, कडेकडेनं, कुऱ्हाडीच्या दोन्ही पात्यांसकट, बारीक कात्रीनं कापलेलं. त्या भोकातून बाबांच्या हाताची माती लागलेली बोटं दिसत होती, आणि माझा नायक एक पाय हवेत धरून उभा होता.

"पोराला तिनं घरात ठेवून घेतलान," चाचा म्हणाले. "आईजवळ."